फळीवरचं गाव

सर, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहायचा अधिकार माझ्यापेक्षा कितीतरी जणांना जास्त आहे. तुमच्याबरोबर वर्षानुवर्षं शिकवलेले प्राध्यापक आहेत, परदेशात गेलेले विद्यार्थी आहेत, काकू आहेत. मी शेवटच्या वर्षातला एक मुलगा, आणि मला लिहिता येतं असंही नाही. शिवाय आपल्या लॅबचा नियम मी मोडतो आहे. आपलं कनेक्शन आपण तपासायचं नाही, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं, मगच बटण दाबायचं. जोडणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, असं तुम्ही म्हणायचात. हे लिहिलेलं तपासायला मी कोणाकडे नेऊ? जोडणी झाली की हात वर करून "सर, चेक" म्हणायची सवय लागली आहे. आता हात वर करून बसलो तरी कोणी येणार नाही. तेव्हा न तपासताच बटण दाबतो.

एका जागी बसवत नाही, हेही खरं. सदाशिव पेठेतल्या खोलीत आम्ही तिघं राहतो. जिन्याशी जावा आणि सी प्लस प्लसच्या क्लासची पाटी आहे, दर तासाला तिथून मुलं चढतात-उतरतात, आणि प्रत्येक वेळी पावलं वाजली की मी उठून दाराशी जातो. कोणाची वाट बघतो ते मलाही कळत नाही. तुम्ही गेल्यापासून दोनदा सायकल काढून कोथरूडला तुमच्या सोसायटीपर्यंत आलो आणि दोन्ही वेळा फाटकावरून परत फिरलो. काकूंना काय म्हणणार होतो? काल तिथल्या वॉचमनने विचारलं, "कोणाकडे?" मी म्हणालो, "कोणाकडे नाही." त्याने नुसतं बोट दाखवलं. पाटी होती, विनाकारण उभे राहू नये. कारण होतं सर, पण ते मला त्याला सांगता आलं नसतं.

तुम्हाला आठवत असेल का, माहीत नाही, पण माझी तुमची ओळख एका ॲमीटरवरून झाली. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल होतं. एक बॅटरी, एक रोध, एक ॲमीटर. प्रवाह रोधाच्या आधी मोजायचा, मग ॲमीटर तिथून काढून रोधाच्या नंतर जोडायचा आणि पुन्हा मोजायचा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. माझे सारखेच आले, आणि म्हणून मी घाबरलो. मला वाटलं मीटर बिघडला. दुसरा आणला. त्यातही तेच. तिसरा मागायला गेलो तेव्हा लॅबमधले सोपानमामा म्हणाले, "आरं, मीटर चांगलं हाय. तुझंच कायतरी गंडलंय."

तुम्ही मागे येऊन उभे होतात. "आपण इथे मीटरचं दुकान टाकणार आहात का?" रागावलात की तुम्ही आम्हाला 'आपण' म्हणायचात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला तो मान वाटला होता.

"सर, रोधातून गेल्यावर धारा कमी व्हायला पाहिजे," मी म्हणालो.

मागच्या बाकावर हशा पिकला. चुकीचं बोललो म्हणून, की शाळेतले मराठी शब्द वापरले म्हणून, ते कळलं नाही. तुम्ही तिकडे वळूनही न बघता म्हणालात, "हसणाऱ्यांनी त्याला रेझिस्टन्स म्हटलं म्हणून तो एका ओहमनेही बदलत नाही." आणि मग मला विचारलंत, "का कमी व्हायला पाहिजे?"

"आमच्या गावात होते सर."

पुन्हा हशा. पण तुम्ही हसला नाहीत. "सांगा," म्हणालात. मग मी सांगितलं. आमचं गाव वाशीमकडे. ट्रान्सफॉर्मर गावाच्या एका टोकाला, आमची वस्ती दुसऱ्या टोकाला, आणि वस्तीतलं शेवटचं घर आमचं. संध्याकाळी ट्रान्सफॉर्मरजवळचे दिवे लख्ख, शाळेपाशी पिवळे, आणि आमच्याकडे बल्बच्या आतली तार तेवढी तांबडी दिसायची. आई म्हणायची, वाटेतली घरं वीज खातात, उरलंसुरलं आपल्याकडे येतं. माझा सगळा अभ्यास त्या तांबड्या तारेखाली झाला. प्रवाह वाटेत खर्च होतो हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं, रोज डोळ्यांनी बघितलं होतं.

तुम्ही चष्मा काढून पुसलात. "निरीक्षण बरोबर, कारण चूक," म्हणालात. "उद्या तास संपल्यावर थांब."

दुसऱ्या दिवशी सोपानमामांनी एक लांब लाकडी फळी आणून ठेवली. तुम्ही म्हणालात, "तुझं गाव मांड." मला वाटलं चेष्टा करताय. पण तुम्ही स्वतः खिळे ठोकायला घेतलेत. नायक्रोमच्या दोन बारीक तारा फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणल्या, एका टोकाला बॅटरी, तो ट्रान्सफॉर्मर. दोन तारांच्या मध्ये टॉर्चचे बल्ब, ती घरं. पहिला बल्ब सरपंचांचा. मग पिठाची गिरणी, तिला मी दोन बल्ब दिले. मग शाळा. मग आमची वस्ती, आणि अगदी शेवटी आमचं घर. "सर, चेक," मी म्हणालो. तुम्ही तपासलंत आणि बटणाकडे बोट केलंत.

मी बटण दाबलं. फळीवर माझं गाव हुबेहूब लागलं होतं. इकडे लख्ख, मधे पिवळं, आणि शेवटी एक तांबडी तार.

मग तुम्ही व्होल्टमीटर माझ्या हातात दिलात आणि मला गावातून चालवलंत. ट्रान्सफॉर्मरपाशी दाब पुरेपूर. गिरणीपाशी कमी. शाळेपाशी आणखी कमी. "तारेलाही रोध असतो," तुम्ही म्हणालात. "सगळ्या गावाचा प्रवाह सुरुवातीच्या या तारेतून जातो. तो जितका जास्त, तितका दाब तारेतच खर्ची पडतो. तुझ्या घरापर्यंत दाबच पोचत नाही, मग तुझ्या बल्बमधून प्रवाह जास्त जाणार कसा? आणि जो काही जातो तो सगळाच्या सगळा परत येतो. कोणी खात नाही." तुम्ही सरपंचांचा बल्ब सैल केलात. शेवटचा बल्ब किंचित उजळला. गिरणीचे दोन्ही सैल केलेत. तो चांगलाच उजळला.

"म्हणजे सर, सरपंचांनी दिवा बंद केला की आमच्याकडे उजेड?"

"राजकारणशास्त्र शेजारच्या कॉलेजात शिकवतात. इथे उपाय सांग."

"जाड तार, सर. जाड तारेला रोध कमी."

"मग आईला सांग तसं. वीज कोणी खात नाही म्हणावं, तार बारीक आहे."

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी आईला ते सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग बारीक तार टाकली कोनं, हे इचारलं का तुह्या सरले?" परत आल्यावर ते तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही इतक्या मोठ्याने हसलात की सोपानमामा आतून बघायला आले. "आईंना पुढच्या वर्षी ॲडमिशन घ्यायला सांगा," म्हणालात. "तुमच्या आख्ख्या वर्गात हा प्रश्न एकालाही पडला नाही." ती फळी तुम्ही फेकू दिली नाहीत. दर वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे ती निघायची, आणि सरपंच, गिरणी, शाळा, सगळी नावं तीच राहिली.

सर, हे लिहिताना मी एका गोष्टीची काळजी घेतो आहे. तुम्हाला उपमा आवडत नसत. कोणी पेपरात लिहिलं की वीज म्हणजे नळातलं पाणी आणि रोध म्हणजे अरुंद पाइप, तर तुम्ही त्यावर लाल शाईने फुली मारायचात. "उपमा सकाळी नाश्त्याला. वीज म्हणजे पाणी नव्हे." तेव्हा तुम्ही माझे अमुक होतात, तमुक होतात, असं मी इथे काहीही लिहिणार नाही. तुम्ही सर होतात.

पण त्या दिवसाबद्दल लिहावंच लागेल. तेच तर अर्धवट राहिलं आहे.

आपली लॅब काढून तिथे कॉम्प्युटर सेंटर करायचं घाटत होतं, तेव्हाची गोष्ट. तुम्ही मीटिंगमधून तडक लॅबमध्ये आलात. आम्ही सात-आठ जण होतो. "ऐकलंत का? या मोटारी आणि रिओस्टॅट भंगारात जाणार आणि इथे गालिचा येणार. बाहेर बूट काढून आत यायचं म्हणे. कॉम्प्युटर आणताहेत की मूर्ती बसवताहेत, विचारून घेतलं पाहिजे." सगळे हसले. मी हसलो नाही. ते तुमच्या लक्षात आलं.

"काय इंगळे, आपलं काय मत?"

'आपण' म्हटल्यावर गप्प बसायचं, हे मला एव्हाना कळत होतं. तरी मी बोललो. "सर, मला कॉम्प्युटर हवेत."

"घ्या. म्हणजे ओहमसाहेबांना निरोप द्यायचा."

"नाही सर. पण इंटरव्ह्यूला येणाऱ्या कंपन्या इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही प्रोग्रॅमिंग विचारतात. मी ते कागदावर लिहून शिकलोय. माझा प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही, हे मला अजून कॉम्प्युटरने सांगितलेलं नाही, रूममेट वाचून सांगतो. वरच्या छोट्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर माझा नंबर लागेपर्यंत वेळ संपतो. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांना ही लॅब राहिली काय, गेली काय. ते घरी जाऊन शिकतात. मी इथे नाही शिकलो तर कुठेच नाही. सर, मी शेवटचं घर आहे."

"उपमा नको."

"फळी तुम्हीच मांडायला लावलीत, सर."

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. मला वाटलं आता काहीतरी असं बोलाल की ते जन्मभर लक्षात राहील. तुम्ही म्हणालात, "तास संपला." घंटा झाली नव्हती.

मी बोललो ते खरं होतं. आजही खरंच वाटतं. चूक केली असती तर बरं झालं असतं, माफी मागून मोकळा झालो असतो. इथे तुमचंही बरोबर होतं आणि माझंही, आणि मध्येच तास संपला.

पुढच्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत. मग कळलं, दवाखान्यात आहात. पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं, बदली सर नुसतं फळ्यावर लिहून देत होते. सोपानमामा मला म्हणाले, "तू दाव की जरा पोरास्नी. तुला तर समदं ठावं हाय." मी नको नको म्हणत गेलो. फळी काढली, तारा पुसल्या. एका मुलाने तपासून न घेताच बटणाकडे हात नेला, आणि माझ्या तोंडून निघालं, "आपण फार घाईत आहात का?" सोपानमामा तोंडावर फडकं धरून हसत होते.

दिवे लागले. हिंगोलीकडची एक मुलगी खाली वाकून शेवटच्या बल्बकडे बघत होती. बराच वेळ बघत होती. मग तिने विचारलं, "दादा, हे घर कोणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

"आमचंही असंच आहे," ती म्हणाली, आणि मी न सांगता व्होल्टमीटर उचलून तिने गावातून चालायला सुरुवात केली. तिच्याकडे बघताना मला कळलं की हे मला कुठल्याही पडद्यावर कळलं नसतं. सैल केलेला बल्ब हाताला थोडा गरम लागतो, आणि तिकडे लांब दुसरा उजळतो. ते हातालाच कळावं लागतं.

त्याच दिवशी मी जिना चढून प्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, लॅब काढू नका. ते म्हणाले, "अरे, कालपर्यंत तुम्हीच पोरं कॉम्प्युटर मागत होतात ना?"

"दोन्ही हवं, सर."

"हॉल एकच आहे. त्याला मी काय फुगवू?" मग जरा नरमून म्हणाले, "बघू."

हे तुम्हाला सांगायचं म्हणून मी दवाखान्यात आलो होतो. वाटेत वाक्यं जुळवली होती. पण तुम्ही इतके लहान दिसत होतात की मी नुसताच उभा राहिलो. सलाइन चालू होतं. नळीवरचं ते छोटं चाक फिरवलं की थेंब कमी-जास्त होतात, मी तिकडे बघत होतो. तुम्ही ते बरोबर ओळखलंत. "रोधाची उपमा मनात आली ना? बोललास तर उठून बसेन." काकू हसल्या. मीही हसलो. मग रिओस्टॅट कोणी पुसतं का, ते विचारलंत. मी हो म्हणालो. मग काकू औषध आणायला बाहेर गेल्या आणि तुम्ही माझ्याकडे वळलात. "इंगळे, त्या दिवशीचं…"

आणि नर्स आली. भेटायची वेळ संपली म्हणाली. मला खांद्याला धरून जवळजवळ बाहेरच काढलं. दारातून वळून बघितलं तर तुम्ही चष्मा काढत होतात.

त्या दिवशीचं काय, सर? सायकलवर हेच डोक्यात असतं. लक्ष्मी रोडला सिग्नल लागतो, सुटतो, मागचे हॉर्न वाजवतात, आणि मी तिथेच. त्या दिवशीचं मनावर घेऊ नकोस? त्या दिवशीचं तुझं चुकलं? मी वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने पुरं करून बघतो, तुमच्या आवाजात म्हणून बघतो. एकही बसत नाही.

तुम्हाला न्यायला आम्ही सगळे होतो. विद्युतदाहिनीचं दार वर गेलं तेव्हा आतली लाली दिसली. मोठा रोध असलेली तार, तिच्यातून मोठा प्रवाह, म्हणून उष्णता. हे मी परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवले आहेत. त्या क्षणी माझ्या मनात तेच उत्तर आलं, मुद्द्यांसकट. बाकीचे रडत होते आणि मी आतल्या तारांकडे बघत होतो. मग दार खाली आलं. खोलीवर येऊन दिवा लावायला हात वर केला आणि बटण दाबवेना. बराच वेळ अंधारातच बसलो. रूममेटने येऊन दिवा लावला.

तुमचे आभार कसे मानतात ते मला माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजातल्या माणसाचे आभार मानायची वेळ आधी कोणावर आली नव्हती. निरीक्षण बरोबर, एवढं तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. मी जे आयुष्यभर बघत आलो ते बरोबर बघत होतो, असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. कारण चूक होतं, ते शिकता आलं.

हे इतकंच लिहून थांबणार होतो. पण आज दुपारी कॉलेजात गेलो. लॅबचं दार सताड उघडं होतं. मोटारी बाहेर व्हरांड्यात आणून ठेवलेल्या, रिओस्टॅट एकावर एक रचलेले. आत सोपानमामा फडकं खांद्यावर टाकून उभे होते. माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो, "सर जाऊन किती दिवस झाले? एवढीसुद्धा वाट बघवली नाही?"

"कुनाची वाट?" मामा म्हणाले. "साहेबांनीच तर हो म्हनून सांगितलं."

प्राचार्य दवाखान्यात तुम्हाला भेटायला आले तेव्हा मामा तिथेच होते, डबा घेऊन आलेले. तुम्ही मामांसमोरच प्राचार्यांना म्हणालात म्हणे, हॉल देऊन टाका, कॉम्प्युटर आणा. मी दिवस विचारला. मामांनी आठवून सांगितलं. माझ्या भेटीच्या आदल्या दिवशीची गोष्ट होती ती. म्हणजे मी तुमची बाजू घेऊन जिना चढून आलो होतो, आणि इकडे तुम्ही माझी बाजू घेऊन मोकळे झाला होतात. दोघांनीही एकमेकांना काही सांगितलं नाही.

मी भिंतीला टेकून उभा राहिलो. समोर फळी तेवढी जागच्या जागी होती, नव्याने पुसलेली. "हिला हात लावायचा न्हाई, दारातच लावायची, असं म्हनले," मामा सांगत होते. "आनि आनखी एक म्हनले. प्राचार्यसाहेब म्हनले, सर, कॉम्प्युटर थोडं अन् पोरं लई, पाळ्या कशा लावायच्या? तर साहेब म्हनले, शेवटच्या घरापासून सुरू करा. प्राचार्यांना काय उमगंना, मलाबी न्हाई. तर म्हनले, इंगळेला इचारा, त्याला ठावं हाय. प्राचार्यसाहेबांनी वर बोलावलंय तुला. काय रं, कुठलं घर?"